तेरावं मनगट

'सदर उपकरण सर्व वर्णांच्या व्यक्तींमध्ये रक्तातील ऑक्सिजनचे अचूक मापन करते.'

हे वाक्य कुणाचं? तुझंच. बाकीच्या तिघांना मी विचारणारही नाही. प्रोजेक्टच्या ब्लॅक बुकची, म्हणजे अहवालाची, छपाई कुणी केली आणि बाइंडिंगला कोण धावलं, ते मला ठाऊक आहे. सर्किट तुझं, कोड तुझा, निष्कर्षाचं प्रकरण तुझं. तेव्हा बोलणीही तूच खा.

सर्व वर्ण म्हणजे कुठले? सांग की. तुझ्या तक्त्यात बारा माणसं आहेत. बाराही जण होस्टेलच्या तुझ्या मजल्यावरचे, नाहीतर लॅबमधले. विशीतले, धडधाकट. सगळ्यांचा ऑक्सिजन ९७ ते ९९. आणि 'त्वचेचा वर्ण' या रकान्यात काय? बारा वेळा 'गव्हाळ'. पहिल्या चौकटीत लिहिलंस आणि कोपरा धरून खालपर्यंत ओढलंस. त्या बारांतल्या निम्म्यांना मी रोज वर्गात बघतो. एक जण चांगला गोरा आहे. दोघं पक्के काळे आहेत. तुला दिसलं नाही? दिसलं. पण मित्राच्या नावापुढे 'काळा' लिहायला हात धजला नाही. लग्नाच्या जाहिरातीत मुलीचा रंग एक पायरी वर चढवतात, तसा तू निरीक्षणांच्या तक्त्यात चढवलास. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही. ज्या एका गोष्टीवर तुझा सगळा दावा उभा आहे, तीच गोष्ट तू भिडेपोटी तक्त्यातून पुसून टाकलीस.

आणि मुळात डोळ्यांनी ठरवायचं कुणी सांगितलं होतं? 'फिट्झपॅट्रिक स्केल वापरली' असं लिहिलं आहेस. वाचलीस का ती? फिट्झपॅट्रिकने १९७५ मध्ये ती मांडली ती अतिनील किरणांच्या उपचारात कुणाला किती मात्रा झेपेल, हे ठरवण्यासाठी. उन्हात गेल्यावर तुझी कातडी भाजते की रापते, हा तिचा प्रश्न. सुरुवातीला ती गोऱ्यांपुरतीच होती, गडद त्वचेचे प्रकार नंतर जोडले गेले. ती मेलॅनिन मोजत नाही. रंग मोजायचा तर यंत्राने मोजतात. उजळपणाचा आकडा आणि पिवळेपणाचा आकडा घेऊन त्यातून एक कोन काढतात. तो ५५ अंशांच्या वर असेल तर त्वचा फार उजळ, उणे ३० च्या खाली असेल तर गडद. हा कोन तुला माहीत आहे, कारण तुझ्या दुसऱ्या प्रकरणात त्याचं सूत्र आहे. आपल्याच कॉलेजात टेक्स्टाइलवाल्यांकडे कापडाचा रंग मोजायचं यंत्र आहे. एक जिना उतरायचा होता. उतरलास?

आता तुझी कच्ची वही काढतो. ब्लॅक बुक नव्हे, वही. ब्लॅक बुकात बारा ओळी आहेत. वहीत तेरा आहेत.

तेरावी ओळ कुणाची? मेसमधल्या काकांची. उभा जन्म उन्हात आणि भट्टीपाशी गेलेला माणूस. तुझा ऑक्सिजन मोजायचा पट्टा मनगटाच्या वरच्या बाजूला बांधलास, नाडीची लाट दिसेना. एलईडीचा करंट वाढवलास. लाट दिसली, पण आकडा नाचायला लागला. पुन्हा वाढवलास. मग वहीत काय लिहिलंस? 'सिग्नल खराब. वगळले.' आणि तेवढ्यावर वही मिटलीस. करंट किती वाढवला ते नाही. आकडा कुठून कुठे नाचला ते नाही. काकांची मनगटं थंड होती का, पट्टा सैल होता का, काही नाही.

अरे, तुझ्या सबंध प्रोजेक्टमध्ये काही सापडलं असेल तर ते त्या एका ओळीत सापडलं. बारा जणांनी तुला नवं काय सांगितलं? धडधाकट पोरांचा ऑक्सिजन ९८ असतो, हे? ते यंत्र न बांधता मी सांगितलं असतं. तेराव्या मनगटाने तुला प्रश्न विचारला आणि तू त्या मनगटालाच हाकलून दिलंस. यंत्राला जो माणूस मोजता येत नाही तो वगळायचा, उरलेल्यांवर अचूकता काढायची आणि वर लिहायचं 'सर्व वर्णांच्या'! ही चलाखी तुला जमते याचं मला दुःख आहे. ज्याला काही येत नाही त्याने हे केलं असतं तर मी सोडून दिलं असतं.

तुझा बचाव मला पाठ आहे. 'सर, मेलॅनिन स्थिर असतं. धडधडतं ते फक्त धमनीतलं रक्त. धडधडता भाग एसी, स्थिर भाग डीसी. एसी भागिले डीसी केलं की मेलॅनिन कटून जातं.' कटतं. कागदावर कटतं. ताकुओ आओयागींची १९७० च्या दशकातली करामत तीच होती. कातडी, हाड, शिरेतलं रक्त या सगळ्यांचा अडथळा बाजूला ठेवून फक्त स्पंदनाचा भाग धरायचा. कल्पना फार मोठी आहे. पण ती चालते ती कोणत्या गृहीतकावर? की प्रकाश एकाच तरंगलांबीचा आहे, सरळ जातो आणि डिटेक्टरपर्यंत पोचणारा प्रत्येक कण ऊतींतूनच आलेला आहे. यातलं तुझ्या पट्ट्यात काय खरं आहे? काहीच नाही.

तुझ्या चिपची डेटाशीट उघड. मॅक्स३०१०२. लाल एलईडी ६६० नॅनोमीटरची म्हणतोस. ती ६६० वरच थांबते का? तिचा पट्टा वीसेक नॅनोमीटर रुंद आहे, तिथेच लिहिलंय. मेलॅनिन आखूड तरंगलांबीला जास्त खातं, लांबीला कमी. तुझ्या लाल प्रकाशाला ते ८८० च्या अवरक्ताच्या सुमारे अडीचपट शोषतं. मग त्या वीसेक नॅनोमीटरच्या पट्ट्यातली आखूड कड जास्त खाल्ली जाणार की नाही? उरलेल्या प्रकाशाचा मध्य लांब बाजूला सरकणार की नाही? तिकडे ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन कमी शोषतं. म्हणजे लाल आणि अवरक्त यांचं गुणोत्तर, तुझा तो आर, लहान येणार. आणि गुणोत्तर लहान म्हणजे ऑक्सिजन जास्त. रक्तात नसलेला ऑक्सिजन पडद्यावर दिसणार.

दुसरं. तुझी एलईडी आणि डिटेक्टर एकाच काचेखाली, शेजारी शेजारी. थोडा उजेड कातडीत न शिरताच परस्पर पोचतो. उजळ मनगटावर खरा प्रकाश भरपूर परततो, त्यापुढे या चोरट्या उजेडाची पत्रास नाही. गडद मनगटावर प्रकाशाला मेलॅनिनच्या थरातून दोनदा जावं लागतं, आत जाताना आणि बाहेर येताना. तो थर जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीचा, पण खरा प्रकाश तो घटवतो आणि चोरट्याचा वाटा वाढतो. लालमध्ये जास्त वाढतो, अवरक्तात कमी. पुन्हा गुणोत्तर लहान. पुन्हा आकडा वर. बोटाच्या टोकाशी स्पंदनाचा भाग सगळ्या प्रकाशाच्या एक-दोन टक्के असतो, मनगटावर त्याहूनही कमी. एवढ्याशा लाटेवर तू 'अचूक' हा शब्द ठेवतोस?

यातलं काहीही मी तुला आज पहिल्यांदा सांगत नाही. एलईडीच्या तरंगलांबीच्या पट्ट्याची रुंदी तुला सहाव्या सेमिस्टरला शिकवली आहे. तू पेपरात लिहिलंही होतंस, तेही नीट. परीक्षेत कळलेलं लॅबच्या दारात सांडतं का?

आता सूत्र. 'कॅलिब्रेशन' या मथळ्याखाली एकच ओळ: ११० उणे २५ आर. आर एक आला की ८५, अर्धा आला की साडेसत्त्याण्णव. कुठून आणलंस? 'सगळे हेच वापरतात.' सगळ्यांनी कुठून आणलं? कोडमध्ये तर त्याहून वेगळं, उणे ४५.०६० पासून सुरू होणारं वर्गसूत्र आहे, चिपवाल्यांच्या नमुना कोडमधून जसंच्या तसं उचललेलं. मजकुरात एक, यंत्रात दुसरं! दोन्ही आकडे कुणाच्या तरी शरीरावरून आलेले असतात, हे डोक्यात आलं नाही? असं सूत्र गणिताने सुटत नाही. निरोगी माणसांना प्रयोगशाळेत कमी ऑक्सिजनची हवा देतात, धमनीतून रक्त काढतात, ते को-ऑक्सिमीटरवर तपासतात आणि ७० टक्क्यांपर्यंत खाली येत एकेक बिंदू जोडतात. ती माणसं ज्या रंगाची, त्या रंगाचं सूत्र. अमेरिकेच्या एफडीएची २०१३ ची अट काय होती? किमान दहा माणसं, त्यांत गडद त्वचेची किमान दोन किंवा १५ टक्के, जे जास्त असेल ते. दहात दोन! जानेवारी २०२५ च्या मसुद्यात त्यांनी हाच आकडा दीडशे माणसांपर्यंत नेला आणि त्वचेचा रंग यंत्राने मोजायला सांगितला. त्यांना उशिरा का होईना जाग आली. तू तर मसुदा आल्यानंतर प्रोजेक्ट केलास.

आणि तुलना कशाशी केलीस? मेडिकल स्टोअरमधून आणलेल्या बोटाच्या ऑक्सिमीटरशी. शाब्बास. चोर चोर मावसभाऊ. दोघंही त्याच दोन रंगांच्या प्रकाशावर चालणार, दोघंही गडद त्वचेवर एकाच दिशेला झुकणार आणि दोघांचं जमलं म्हणून तू टाळ्या वाजवणार. दोन यंत्रांचं एकमत म्हणजे खरं उत्तर नव्हे. खरं उत्तर धमनीतल्या रक्तात असतं. ते तुझ्या हातात नाही, मान्य. मग 'अचूक' हा शब्दही तुझ्या हातात नाही.

सरासरीबद्दलही बोलून घेतो. 'सर, चूक मर्यादेत आहे.' बारा जणांची मिळून चूक काढलीस. अकरांचं बरोबर आणि एकाचं सहा टक्क्यांनी चुकलं, तरी सरासरी गोंडसच दिसेल. म्हणून चूक गटागटाने काढायची असते आणि ती वरच्या दिशेला आहे की खालच्या, हे वेगळं सांगायचं असतं. वर चुकणारं यंत्र घातक का, हे तुला सांगायला नको. रुग्ण खालावतोय आणि पडदा म्हणतोय 'ठीक आहे'.

तुझ्या संदर्भसूचीतला पंधरावा संदर्भ. उघडलास? पहिल्या पानापलीकडे गेला नाहीस, हे पैजेवर सांगतो. १९९० मध्ये जुब्रान आणि टोबिन यांनी व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत दाखवलं होतं की गोऱ्या रुग्णांत ९२ हा आकडा गाठला तर चालतं, कृष्णवर्णीयांत त्यावर विसंबता येत नाही, ९५ धरावा लागतो. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बिकलर, फाइनर आणि सेव्हरिंगहाउस यांनी निरोगी माणसांवर मोजून दाखवलं की गडद त्वचेत ऑक्सिमीटर जास्त आकडा दाखवतात आणि रक्तातला ऑक्सिजन उतरेल तशी ही चूक वाढते. वाढते कधी? उतरल्यावर! आणि तू तपासलंस कुठे? ९८ वर. जिथे फरक दिसणारच नाही तिथे शोधायचं आणि 'फरक आढळला नाही' असं लिहायचं!

मग डिसेंबर २०२०. मिशिगनच्या स्योडिंग आणि सहकाऱ्यांचं ते छोटं पत्र. पडद्यावर ९२ ते ९६, म्हणजे बरं चाललंय असं दाखवणारा आकडा. प्रत्यक्ष धमनीत ८८ च्याही खाली. असं किती जणांत? गोऱ्या रुग्णांच्या नोंदींत ३.६ टक्के, कृष्णवर्णीयांच्या नोंदींत ११.७ टक्के. तिप्पट. तीस वर्षं माहीत असलेली गोष्ट साथीत माणसं तडफडायला लागल्यावर जगाच्या कानी गेली. त्या अभ्यासाची एक मर्यादा आहे. त्यात माणसाने स्वतः सांगितलेला वंश घेतला होता, मोजलेला रंग नाही. ती मर्यादा तू लिहायला हवी होतीस. लिहिली असतीस तर मी खूश झालो असतो. पण त्यासाठी वाचावं लागतं.

'सर, हे अमेरिकेतलं. आपण सगळे भारतीय, सगळे एकाच रंगाचे.' हे वाक्य तू माझ्यासमोर बोललास, म्हणून जास्त लागलं. एकाच रंगाचे? तुझ्या वर्गात बघ. बसस्टँडवर उभा राहा. कोळीवाड्यात जा, ऊसतोडीच्या फडात जा, मग चित्पावनांच्या एखाद्या लग्नात जा. एका जिल्ह्यात जितक्या छटा सापडतील तितक्या काही देशांत सापडायच्या नाहीत. 'आपण सगळे भारतीय' हे भाषणात म्हण. प्रकाशाला ते ऐकू येत नाही.

आणि आठव, सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सुरू झालं तेव्हा आशाताई दारोदार ऑक्सिमीटर घेऊन फिरत होत्या. तू तेव्हा शाळेत होतास, पण तुझ्याही घरी कुणीतरी बोट पुढे केलं असेल. ठरलेल्या आकड्याच्या खाली गेलं तर दवाखाना, वर असेल तर घरी. एवढ्या एका आकड्यावर माणसं घरी राहिली किंवा रुग्णवाहिकेत बसली. त्या ताईंचा यात काय दोष? त्यांनी यंत्रावर विश्वास ठेवला. यंत्र कुणी बनवलं? तुझ्यासारख्या कुणीतरी, ज्याने बारा बोटं तपासून 'सर्व वर्णांच्या' असं लिहिलं. सही कुणी केली? माझ्यासारख्या कुणीतरी.

आता दुसऱ्या टोकालाही जाऊ नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. ओरडा खाल्लास की उद्या 'काळ्या त्वचेवर प्रकाशाची सगळी यंत्रं निकामी' असा अध्याय लिहून आणशील. ते तितकंच खोटं. हातातली घड्याळं हिरव्या प्रकाशाने नाडी मोजतात. हिरवा तर मेलॅनिन लालपेक्षाही जास्त खातं. तरी २०२० च्या एका अभ्यासात निरनिराळ्या वर्णांत नाडीच्या मापात लक्षणीय फरक आढळला नाही, हालचालीने मात्र मोठा फरक पडला. कारण नाडीला लाटा नुसत्या मोजायच्या असतात. ऑक्सिजनला दोन रंगांतल्या लाटांची उंची अचूक हवी असते. म्हणून यंत्रागणिक विचार करायचा, मोजायचं आणि मग बोलायचं. 'काळी त्वचा ही अडचण' असंही कुठे लिहू नकोस. अडचण त्या त्वचेला न विचारता ठरवलेल्या सूत्राची आहे.

'वेळ नव्हता' म्हणू नकोस. डिसेंबरपासून तुझं सर्किट चालू आहे. 'गडद त्वचेची माणसं मिळाली नाहीत' म्हणू नकोस. मिळाली होती, तू वगळलीस. 'एक्स्टर्नल परीक्षक हे विचारणार नाहीत' हे तर मुळीच म्हणू नकोस. विचारणार नाहीत, मलाही माहीत आहे. ते पट्ट्यावरचा लाल दिवा बघतील, छान म्हणतील आणि चहा पितील. तू एक्स्टर्नलसाठी शिकतोस का?

मी तुझ्याकडून अशक्य काही मागत नाही. कुणाचाही ऑक्सिजन खाली आणायला जाऊ नकोस. श्वास रोखून धरायला लावायचे उद्योगही नकोत. तो दवाखान्यातला, परवानगीचा आणि डॉक्टरच्या देखरेखीचा मामला आहे. तुला जमण्यासारखं आहे ते कर. रंगाच्या यंत्रावर प्रत्येक मनगटाचा कोन मोज, आकड्यात लिही. लाल आणि अवरक्त दोन्हींचा एसी किती, डीसी किती, करंट किती, हे प्रत्येकाचं वेगळं लिही. बोट आणि मनगट दोन्ही ठिकाणी मोज. तळहाताकडच्या बाजूला मेलॅनिन कमी असतं, तिथे काय फरक पडतो ते बघ. चोरटा उजेड किती आहे ते पट्ट्याखाली काळा कागद धरून मोज, पाच मिनिटांचं काम आहे. मॉन्टे कार्लोने कातडीतला प्रकाश चालवायचा कोड तुला येतो. गेल्या वर्षी स्पर्धेसाठी तूच लिहिला होतास. त्यात वरच्या थराचं मेलॅनिन वाढवत ने, एलईडीचा खरा पट्टा घाल आणि ८० टक्क्यांवर आकडा किती वर सरकतो ते काढ. एवढं या कॉलेजात दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर मला महिनाभर शिकवावं लागलं असतं. तुला चार दिवस पुरतात. म्हणूनच जीव तोडून बोलतोय.

आणि काकांकडे जा. आधी माफी माग. मग त्यांना बसव, हात कोमट होऊ दे, पट्टा नीट बांध आणि पुन्हा मोज. पुन्हा सिग्नल खराब आला तर तसं लिही, आकड्यांसकट, तक्त्याच्या पहिल्या ओळीत. 'हे उपकरण गडद त्वचेच्या मनगटावर विश्वासार्ह मापन करू शकले नाही' असा निष्कर्ष निघाला तर तोच छाप. त्या वाक्याला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

बाइंडिंग सोडव. शेवटचं प्रकरण फाड. सोमवारी सकाळी लॅबची किल्ली माझ्याकडे आहे, नऊला ये. तेरा ओळींचा तक्ता समोर येत नाही तोवर तुझ्या ब्लॅक बुकवर माझी सही होणार नाही.